पाचव्याचा वाटा

एका जोडावर दुसरा जोड फुकट होता. विक्रेत्याने माझे बूट खोक्यात भरले, पेन्सिल कानावर अडकवली आणि विचारलं, "दुसरा कुठल्या मापाचा देऊ?" मी म्हणाले, "अडतीस. काळे, बंद, नाडीचे." विचार करावा लागलाच नाही. आईला मुलाचं माप विचारावं आणि तिने सांगून टाकावं, तसं तोंडातून आलं. तो शिडीवर चढला, खोकं काढून झाकण उघडून दाखवलं, मी मान डोलवली. "तुमचे हे सदतीस घट्ट नाहीत ना होत?" त्याने जाता जाता विचारलं. "वापरून सैल होतात," मी म्हणाले. बुटांच्या दुकानात हे वाक्य मी आयुष्यभर म्हणत आले आहे. कार्ड लावलं, यंत्र वाजलं, मी दोन पिशव्या घेऊन रस्त्यावर आले. चौकात सिग्नल लाल होता म्हणून थांबले, आणि तिथे उभ्या उभ्या माझ्या लक्षात आलं की आमच्या घरात अडतीस नंबरचा पाय कुणाचाच नाही. ह्यांचा त्रेचाळीस. मुलाचे पाय म्हणजे होड्या, आणि तो आता राहतो दुसऱ्या शहरात. मुलीचं पाऊल माझ्याहूनही लहान. सिग्नल हिरवा झाला, लोक माझ्या दोन्ही बाजूंनी निघून गेले, परत लाल झाला. आणि मग दुसरी गोष्ट लक्षात आली, जी मला पहिलीपेक्षा जास्त लागली. पहिल्या जोडाची किंमत मी विचारलीच नव्हती.

किंमत न विचारता घेतलेली ती माझी पहिलीच वस्तू असावी. मी कपड्यांच्या कारखान्यात कापड कापते. लांब टेबलावर थरावर थर पसरायचे, वर कागदी नमुना ठेवून खडूने रेघ मारायची आणि मग पातं चालवायचं. शिलाईच्या आत दबणारं अर्धं बोट कापड प्रत्येक तुकड्याला जादा धरावं लागतं. ते कुणाला दिसत नाही, पण ते नसेल तर कपडा पहिल्या दिवशीच उसवतो. हे जादा धरणं माझ्या हाडात मुरलेलं आहे. मुलं नुकती शाळेत जायला लागली होती तेव्हा ह्यांनी पाचव्या माणसाची टूम काढली, ती मला चटकन पटली ती त्यामुळेच. हे तेव्हा एका कंपनीत लिफ्ट दुरुस्त करायचे. पगार झाला की पुढच्या रविवारी सकाळी जेवणाच्या टेबलावर आमची बैठक बसायची. भाडं, वीज, किराणा, शाळेची फी आधी बाजूला. उरतील ते पैसे बशांत वाटायचे. बशा लग्नात मिळालेल्या, निळ्या काठाच्या. प्रत्येकाची एक. साबण, बसभाडं, केस कापणं, बूट, जे काही आपापलं ते आपापल्या बशीतून. सुरुवातीला बचतीचीही एक बशी होती, पण महिनाअखेरीला ती चाटूनपुसून साफ. बचत कुणाचीच नाही, म्हणून सगळ्यांची. एका रविवारी ह्यांनी टेबलाला पाचवी खुर्ची लावली, बचतीची बशी तिच्यापुढे सरकवली आणि गंभीर चेहऱ्याने म्हणाले, "आजपासून आपण पाच. हा पाचवा. याच्या पैशांना हात लावायचा तर याला विचारून." मुलं खदखदून हसली. मी म्हणाले, "दुष्काळात तेरावा महिना." पण त्या महिन्याच्या शेवटी पाचव्याची बशी जशीच्या तशी होती. ती आम्ही एका डब्यात रिकामी केली. बचतीवर सगळ्यांचा डोळा असतो, माणसाच्या वाट्याला हात लावताना मात्र जीव कचरतो, हे ह्यांनी बरोबर ओळखलं होतं.

बैठक सुरू होताना हे रिकाम्या खुर्चीकडे वळून म्हणायचे, "आलास का रे? बस." मग वाटप. मुलाला कधी चेंडू हवा असायचा, कधी रंग. तो खुर्चीपुढे उभा राहून पाचव्याकडे उसने मागायचा आणि आम्ही सगळे गप्प होऊन उत्तराची वाट बघायचो. ती शांतता खरी असायची. फ्रिजची घरघर ऐकू यायची, खालच्या मजल्यावर कुणीतरी नळ सोडलेला असायचा. मुलगा कान देऊन ऐकायचा आणि मग चेहरा पाडून म्हणायचा, "नाही म्हणतोय." पाचवा हो म्हणाला असं खोटं सांगायला त्याला कुणी अडवलं नव्हतं, पण त्याने एकदाही सांगितलं नाही. पोरगं प्रामाणिक आहे असं मी शेजारणीला कौतुकाने सांगितलं होतं. मुलगी तर त्याच्याशी खेळायची. त्याला तपकिरी रंग आवडत नाही, तो उजव्या कुशीवर झोपतो, असलं काय काय ती आम्हाला ऐकवायची. एकदा शाळेत घरातल्या माणसांचं चित्र काढायला सांगितलं होतं. तिच्या कागदावर चार माणसं होती. बाबा, दादा, ती स्वतः आणि एक उंच कुणीतरी. त्याला तोंड काढलेलं नव्हतं, पायात मात्र मोठे काळे बूट होते, नाड्यांसकट. मी विचारलं, "ही मीच ना गं?" ती म्हणाली, "नाही, हा पाचवा." "मग मी कुठे आहे?" "तू स्वयंपाकघरात आहेस," ती म्हणाली आणि चित्रातल्या एका बंद दारावर तिने बोट ठेवलं. आम्ही डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसलो. ते चित्र पुढे कित्येक वर्षं फ्रिजवर चिकटवलेलं होतं, आणि येणाऱ्या-जाणाऱ्याला ती गोष्ट मीच रंगवून सांगायचे.

ओढाताणीचे महिने यायचेच. कुणीतरी आजारी पडायचं, नाहीतर घरमालक भाडं वाढवायचा. मग बशा भरताना पैसे कमी पडायचे आणि ह्यांचा हात हळूच पाचव्याच्या बशीकडे जायचा. मी तो धरायचे. "त्याचं नको. माझ्यातलं घ्या." ह्यांना बरं वाटायचं. माझ्या पाठीवर थोपटून म्हणायचे, "खरंच, तुला कुठे काय लागतं?" आणि मला काही लागत नव्हतंच. चष्मा जुना चालायचा. दाढ भरायची राहून गेली, ती शेवटी काढून टाकली म्हणजे भरायचा प्रश्नच मिटला. बूट नणंदेचे यायचे, एक नंबर लहान, पण एकदोनदाच घातलेले. पुढे स्वतःचे घ्यायची ऐपत आली तेव्हाही मी तोच नंबर मागत राहिले. तळं राखील तो पाणी चाखील म्हणतात. मी राखलं आणि चाखलं नाही, याचा मला कोण अभिमान होता. पाचव्याचा एक डबा भरला, मग दुसरा. त्यातून ह्यांनी हत्यारं घेतली, एक जुनी गाडी घेतली आणि लिफ्ट दुरुस्तीचा स्वतःचा धंदा टाकला. "भागीदारी आहे," हे लोकांना सांगायचे, "माझी आणि पाचव्याची." धंद्यातल्या माणसांना जेवायला बोलावलं की ही गोष्ट ठरलेली. लोक हसायचे. मीही हसायचे, ताटं उचलता उचलता. धंदा वाढला, हाताखाली माणसं आली, हा फ्लॅट झाला, आणि गेल्या वर्षी एका मोठ्या कंपनीने सगळा धंदा विकत घेतला. आकडा ऐकून मी आधी खाली बसले आणि मग विचारलं, "यातला पाचव्याचा किती?" हे पोट धरून हसले. मी विनोद केलेला नव्हता.

मुलं आपापल्या घरी गेल्यावरही आमची बैठक चालू होती. दोन माणसं, तीन बशा, आणि तरी त्याचं नाव पाचवाच. हा हिशोब बाहेरच्या कुणाला समजावून सांगायची सोय नव्हती. तीन महिन्यांपूर्वीच्या रविवारी हे नोटा हातात घेऊन बसले आणि वाटायच्या सोडून नुसत्याच चाळत राहिले.

"पुरे आता," हे म्हणाले. "खात्यात पैसे मावत नाहीत आणि आपण इथे चिल्लर वाटत बसलोय. लोकांना कळलं तर वेड्यात काढतील."

"लोकांना कशाला कळतंय?"

"अंथरूण पाहून पाय पसरावेत, कबूल. पण अंथरूण एवढं मोठं झाल्यावरही पाय पोटाशी घेऊनच झोपायचं का?"

"मोजलं म्हणजे कळतं तरी, घरात कोण कोण आहे ते," मी म्हणाले. मला 'काय काय आहे' असं म्हणायचं होतं.

हे माझ्याकडे बघत राहिले. "आपण दोघं आहोत. त्यात मोजायचं काय?"

ह्यांचं काही चुकत नव्हतं. मी बशा धुतल्या, पुसल्या, वरच्या फळीवर ठेवल्या. हे पाचवी खुर्ची बाल्कनीत ठेवून आले. पहिले काही दिवस मला शाळेला सुट्टी लागल्यासारखं वाटलं. मी महागाचा साबण आणला, टोपलीतली सगळ्यात चांगली फळं निवडली, बससाठी न थांबता टॅक्सी केली. मग हळूहळू घर गप्प व्हायला लागलं. पैसे कमी होते तेव्हा आम्ही दोघं किती बोलायचो. बुटाच्या तळव्यावरून वाद, दुधाच्या पिशवीवरून थट्टा, सिनेमा परवडेल की नाही यावर दोन दोन दिवस खल. आता ह्यांना काही हवं असलं की हे घेतात. मला हवं असेल तर मी घ्यावं. कुणी कुणाकडे काही मागत नाही, आणि मागायचं नसलं की बोलायचंही राहून जातं. अख्खी संध्याकाळ हे एका खोलीत आणि मी दुसऱ्या खोलीत. कधी पॅसेजमध्ये समोरासमोर आलो की हे अंग चोरून मला वाट देतात, हॉटेलात अनोळखी माणसाला द्यावी तशी.

आणि वस्तू संपायला लागल्या. आधी साबण. महागाचा असतो तो लवकर विरघळतो म्हणून मी सोडून दिलं. मग पाव. सकाळी आणलेल्या पुड्यात संध्याकाळी दोन-तीन तुकडे कमी. न्हाणीघरातल्या तिसऱ्या खुंटीवर पाहुण्यांसाठी टॉवेल असतो, तो एका दुपारी ओला लागला. मी ह्यांना विचारलं. "तू मोजत नाहीस ना आता, म्हणून तुला वाटतं," हे म्हणाले. "आधीही एवढंच लागत असेल." असेलही. मोजणं थांबलं की कुठलीही गोष्ट कितीही असू शकते. पण मी मोजत होते तेव्हा मला माहीत होतं. साबणाची वडी किती दिवस जाते, पाव कुणी खाल्ला, दिवा कुणी जळत ठेवला. पाचवा तेव्हाही होता, पण त्याची बशी होती, त्याची बशी भरलेली असायची आणि तो त्याच्या खुर्चीत गुमान बसायचा. आम्ही त्याचा वाटा बंद केला. हक्काचं मिळत नाही म्हटल्यावर कुणीही हाताने घ्यायला लागतं. असा विचार माझ्या डोक्यात आला तेव्हा मी सुरीने सफरचंद कापत होते, आणि मी त्याचे सारखे तीन भाग केलेले होते.

लिफ्टचंही तसंच. आमच्या दाराबाहेर लिफ्ट येते, घंटी वाजते, दार उघडतं, आत कुणी नसतं. थोडा वेळ दार उघडं राहतं आणि मिटतं. बैठक बंद झाल्यापासून मला ती घंटी फार ऐकू यायला लागली. हे म्हणाले, "अगं, रिकाम्या लिफ्टला एक मजला ठरवून द्यावा लागतो. काम नसलं की ती तिथे येऊन थांबते. आपल्याला बरं पडावं म्हणून मीच आपला मजला लावून ठेवलाय, दोन वर्षं झाली." म्हणजे तेही काही नवीन नव्हतं. रिकामं जे असतं तेही कुठेतरी घरी परतत असतं, एवढंच मला नव्याने कळलं, आणि ते ज्या माणसाला पहिल्यापासून ठाऊक होतं तो शांतपणे पेपर वाचत होता. कारखान्यातही मी चूक केली. दोन डझन कोटांचं काम होतं आणि मी एक थर जास्त पसरला. इतक्या वर्षांत माझ्याकडून असं झालं नव्हतं. मुकादम जादा तुकडे हातात घेऊन म्हणाला, "बाई, हा पंचविसावा कुणाचा?" बाकीच्या बायका हसल्या. मी म्हणाले राहू दे, कुणाच्या तरी अंगाला येईल.

अशा दिवसांत ते बूट घरात आले. ह्यांनी दाराजवळच्या कपाटात बघितले आणि विचारलं, "कुणाचे?"

"फुकट मिळाले."

"फुकट ते पौष्टिक," हे म्हणाले. "देऊन टाक कुणाला तरी."

मी दिले नाहीत. रोज कामावरून आल्यावर माझे बूट काढताना मी त्या जोडाकडे बघायचे. आतला पांढरा कागद नीट होता, नाड्या दुकानात बांधलेल्या तशाच होत्या. मग एका संध्याकाळी कागद नव्हता. नाड्या सैल होत्या आणि चवड्यावर, जिथे पाऊल वाकतं तिथे, चामड्याला बारीक सुरकुती पडलेली होती. मी एक उचलून उलटा केला. तळव्याला धूळ होती. रस्त्यावरची नव्हे, घरातली. पलंगाखाली साठते तसली मऊ, करडी. "तुम्ही घातले होते का?" मी ह्यांना विचारलं. "त्यात माझा अंगठा तरी जाईल का?" हे हसले. मी बूट परत ठेवले, हात धुतले आणि बराच वेळ न्हाणीघरातच उभी राहिले. मला भीती वाटत होती. भीती वाटतेय हे मी स्वतःशी पहिल्यांदा कबूल केलं, आणि ते ह्यांना सांगायला बाहेर आले तर हे झोपाळू डोळ्यांनी टीव्ही बघत होते, आणि मला सुरुवात कुठून करायची तेच कळेना.

दुसऱ्या दिवशी जेवणाच्या सुट्टीत कारखान्याच्या जिन्यावर बसून मी मुलीला फोन केला. इकडचं तिकडचं झालं. तिच्या घरी हिशोब वगैरे काही नसतो, दोघांचे पगार एका खात्यात येतात आणि एका खात्यातून जातात. मी विचारलं, "तुला तो पाचवा आठवतो का गं?"

"न आठवायला काय झालं? त्याच्याच जिवावर शिकलो की आम्ही."

"कसा दिसायचा तो?"

ती हसली. "आई, तो नव्हता."

"माहीत आहे. पण तू चित्र काढलं होतंस."

"हां, ते." पलीकडे तिने आपल्या तान्ह्या बाळाला एका हातावरून दुसऱ्या हातावर घेतल्याचं मला ऐकू आलं. "तुझ्यासारखाच वाटायचा मला. म्हणजे तू जे घ्यायची नाहीस ना, ते सगळं त्याच्याकडे जायचं असं मला वाटायचं. तुझा चष्मा. तो कोट, ज्याच्यासाठी आपण दुकानात तीनदा जाऊन परत आलो होतो. त्या वर्षी तू काळे बूट घेणार होतीस आणि मग दादाची ट्रीप निघाली. तेव्हा तूच म्हणालीस, माझे राहू देत, पाचव्याची बशी भरा. म्हणून मी त्याला बूट काढले."

"नाडीचे," मी म्हणाले.

"आई, बरं वाटतंय ना तुला?"

मी बरं वाटतंय म्हणाले. माणसाला बरं वाटतंय हे सांगायला काय लागतं. फोन ठेवल्यावर मी जिन्यावरच बसून राहिले, खाली पोरी डबे धूत होत्या, पाण्याचा आवाज येत होता. मला रडू आलं नाही. मला राग आला, आणि तो कुणावर काढावा ते सापडेना. ह्यांच्यावर काढावा तर ह्यांनी मला कधी नाही म्हटलं नव्हतं. मी मागितलंच नव्हतं. इतकी वर्षं मी समजत होते की पाचवा आम्ही चौघांनी मिळून पोसला. तो मी एकटीने पोसला होता, माझ्या अंगावरचं काढून, आणि आता तो धडधाकट होऊन घरात वावरत होता आणि मी पॅसेजमध्ये अंग चोरत होते. बैठक मला परत हवी होती. ती कशासाठी, हे आता मला स्पष्ट दिसत होतं. पैशांचा प्रश्नच नव्हता. पैसे वाटून झाल्यावर एक बशी माझ्यापुढे सरकवली जावी, भरलेली, आणि सरकवताना माझं नाव घेतलं जावं, एवढंच मला पाहिजे होतं. एकदा तसं झालं की बशा कायमच्या माळ्यावर टाकायला माझी ना नव्हती.

हे सहज तयार झाले. मला वाटलं होतं वाद घालतील. "तुझ्या समाधानासाठी," हे म्हणाले, आणि रविवारी सकाळी माझ्याआधी उठून, आंघोळ करून, जुन्या उत्साहाने मांडामांड करायला लागले. स्टुलावर चढून बशा काढल्या. बाल्कनीतली खुर्ची आत आणून फडक्याने पुसली, टेबलाला लावली. बँकेतून कोऱ्या नोटा आणून ठेवल्या होत्या. उन्हाचा चौकोन टेबलाच्या कोपऱ्यावर पडला होता. मी स्वयंपाकघराच्या दारात उभी राहून बघत होते, आणि कितीतरी दिवसांनी मला आमचं घर ओळखीचं वाटलं. ह्यांनी एक बशी स्वतःपुढे ठेवली. एक पाचव्याच्या खुर्चीपुढे ठेवली. बाकीच्या एकावर एक रचून बाजूला सरकवल्या.

"एक माझी," हे म्हणाले, "एक याची. संपलं. मुलं होती तेव्हा केवढा पसारा असायचा नाही?"

मी वाट बघितली. ह्यांनी अंगठ्याला थुंकी लावून नोटा मोजायला सुरुवात केली, एक इकडे, एक तिकडे. मोजताना हे ओठ हलवतात. मोजण्यात चूक होऊ नये म्हणून मी एरवी मधे बोलत नाही.

"आणि माझी?" मी विचारलं.

हे वर न बघता हसले. प्रेमानेच हसले, ह्यांच्या प्रेमाबद्दल मला कधीच शंका नव्हती. "तुला कुठे काय लागतं?"

मी दाराजवळच्या कपाटापाशी गेले. ते बूट काढले, स्टुलावर बसले आणि आधी एक पाय आत घातला, मग दुसरा. कुठेही अडलं नाही. बोटं आत जाऊन सरळ झाली, एकेक करून, जणू त्यांना कुणी आता उठा म्हटलं होतं. माझा पाय अडतीसचा होता. पहिल्यापासूनच असणार. मी नाड्या बांधल्या आणि टेबलाकडे चालत आले. माझ्या चालीचा आवाज मला नवा वाटला, टाच पुरती टेकणारा. मी पाचव्या खुर्चीत बसले.

"आलास का रे? बस," हे ठरलेल्या सुरात म्हणाले, आणि भरलेली बशी माझ्यापुढे सरकवली.

मी नोटा उचलल्या आणि मुठीत धरल्या. कडक होत्या, त्यांना अजून कुणाच्याच हाताचा वास लागलेला नव्हता. आता हे दचकतील, मला वाटलं. म्हणतील, अगं, ती पाचव्याची. मग मी म्हणेन, माहीत आहे, आणि आम्ही दोघं काहीतरी बोलू, भांडूसुद्धा. ह्यांनी वर बघितलं. ह्यांची नजर माझ्या चेहऱ्यावरून गेली, इतकी वर्षं रिकाम्या खुर्चीवरून जायची तशीच, थोडीशी मिश्कील, कुठेही न अडकता, आणि स्वयंपाकघराच्या दाराकडे जाऊन थांबली.

"चहा टाकतेस का गं?" हे तिकडे बघून म्हणाले.

"अहो, मी इथे आहे," मी म्हणाले.

ह्यांनी मान तिरकी केली. कान दिला. मुलगा द्यायचा तसा. "पाचवाही घेणार म्हणतोय," हे स्वयंपाकघराच्या दिशेने म्हणाले आणि आपल्याच विनोदावर हसले.

आत गॅस पेटला. भांड्यात पाणी पडलं. मग पावलं ऐकू आली, ओट्यापासून फळीपर्यंत आणि फळीपासून ओट्यापर्यंत, जपून, बोटं आखडून चालावं तशी. ती चाल मी ओळखत होते, ती माझीच होती. माझ्या मुठीत नोटा होत्या, पायात माझ्या मापाचे बूट होते, आणि मला त्या बाईची दया आली. बाजूला रचलेल्या बशांकडे मी बोट दाखवलं. "अहो, तिला एक बशी द्या," मी म्हणाले. "माझ्यातलं द्या हवं तर. पण तिला द्या."

ह्यांनी ऐकलं. पुन्हा तशीच मान तिरकी करून, नीट, लक्ष देऊन ऐकलं. मग उरलेल्या नोटा पाकिटात घातल्या आणि रचलेल्या बशा उचलून फळीवर ठेवायला उठले.

"नाही म्हणतोय," हे आत बघून तिला म्हणाले.